सिम्स ४ मधले सीसी: ॲपने की हाताने?

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून सिमला, म्हणजे सिम्स ४ गेममधल्या पात्राला, नऊवारी नेसवायची, तर ती सीसी (कस्टम कंटेंट, म्हणजे खेळाडूंनी बनवलेली सामग्री) गेममध्ये टाकायचे रस्ते दोन. कर्सफोर्ज या मॉडच्या (गेममध्ये भर घालणाऱ्या फाइलींच्या) साइटचं ॲप फाइल थेट योग्य जागी ठेवतं, अपडेटही करतं. सोपं आहे, पण डोळे झाकून विश्वास नको: २०२३ मध्ये तिथल्याच माइनक्राफ्ट या दुसऱ्या गेमच्या काही मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर मालवेअर घुसला होता.

हाताने टाकताना झिपमध्ये काय आहे ते आधी दिसतं, हा मोठा फायदा. कपडे-फर्निचर पॅकेज फाइलमध्ये येतं. टीएसफोरस्क्रिप्ट फाइल म्हणजे मात्र चालणारा पायथन कोड. तो नावाजलेल्या निर्मात्याचाच घ्यावा आणि मॉड्स फोल्डरात एका सबफोल्डरपेक्षा खोल ठेवू नये, चालतच नाही. साडीसोबत ईएक्सई (प्रोग्राम चालवणारी फाइल) आली? सरळ डिलीट!

पॅचनंतर (गेमच्या अपडेटनंतर) गेम मॉड बंद करतो, ते दोन्हीकडे सारखंच. साड्या-दागिने मी हातानेच टाकते; ढीगभर मॉड सांभाळायचे तर ॲप बरं.