सभा किती झाल्या ते कळलं, फायदा किती झाला ते सांगा: सोलापुरातल्या एका उद्योजक संघटनेच्या कामगिरी-पत्रकाचं परीक्षण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांपासून पूर्व भागातल्या युनिफॉर्म शिवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सभासद करून घेणारी एक संघटना यंदा वार्षिक अहवालाला जोडून वेगळं कामगिरी-पत्रक देते आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण यातले दोष एकट्या तिचे नाहीत. पुढची वर्गणी भरायची की नाही हे ठरवायला या पत्रकाचा कितपत उपयोग होतो, एवढंच पाहिलं आहे.

पहिल्याच पानावर ठळक टायपात एकूण सभासदसंख्या आहे. आजीव सभासद, थकबाकीदार आणि माग भंगारात काढून मोकळे झालेले, सगळे त्या एकाच आकड्यात. आजीव सभासद कधी सोडून जातच नाही, त्यामुळे तो आकडा कितीही वाईट वर्ष गेलं तरी खाली येत नाही. खरं मोजमाप वार्षिक सभासदांचं. समजा 1 एप्रिलला 400 जण होते, वर्षात 60 नवे आले आणि 31 मार्चला 410 उरले. पत्रक म्हणणार, अडीच टक्के वाढ. पण नवे वगळले तर जुन्यांपैकी 350 च टिकले, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. आठातला एक गेला. त्यातही पहिल्या वर्षाचे सभासद वेगळे काढायला हवेत. प्रदर्शनात स्टॉल सवलतीत मिळतो म्हणून पावती फाडलेला माणूस दुसऱ्या वर्षी फोनही उचलत नाही, आणि गळती मुख्यतः तिथेच असते.

कार्यक्रमांच्या हजेरीचं पान बघून सोडून द्यावं. सही दाराशी, जेवणाच्या कूपनाबरोबर घेतात. व्याख्यान संपताना खुर्च्यांवर किती होते ते वहीत येत नाही. शिवाय तेच तीस चेहरे दहा कार्यक्रमांना आले की हजेरी तीनशे होते. हजेरीच्या कागदावर सभासद क्रमांकाचा एक रकाना वाढवला, तर वर्षात किमान एकदा तरी किती वेगवेगळ्या सभासदांनी संघटनेचा उपयोग करून घेतला हे एक्सेलमध्ये पाच मिनिटांत निघतं. या पत्रकात तो आकडा नाही.

प्रदर्शनाची उलाढाल शेवटच्या संध्याकाळी स्टॉलवाल्यांना तोंडी विचारून लिहिलेली दिसते. चौकशी, पक्की ऑर्डर, रवाना झालेला माल आणि खात्यात आलेले पैसे या चार निराळ्या गोष्टी. युनिफॉर्मचा माल शाळा उघडायच्या आधी जातो, म्हणून जूननंतर त्याच स्टॉलवाल्यांना पुन्हा विचारल्याशिवाय त्या कोटींना अर्थ नाही.

मग येतं ‘आमच्या पाठपुराव्याला यश’. विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली, सोलापूरहून गोव्याचं विमान जून 2025 मध्ये उडालं. यासाठी निवेदन न दिलेली संघटना शहरात शोधावी लागेल. श्रेय तपासायची साधी रीत आहे: निवेदन, बैठक किंवा सुनावणी, लेखी आदेश आणि प्रत्यक्ष अंमल, अशा चार तारखा शेजारी-शेजारी लिहायच्या. पत्रकातल्या बहुतेक ओळी दुसऱ्या तारखेपाशी थांबतात. वीजदराच्या सुनावणीत नियामक आयोगापुढे मुदतीत, सभासदांच्या बिलांच्या आकड्यांसह हरकत दाखल केली, तर ते काम. मंत्र्यांना शाल घालतानाचा फोटो म्हणजे काम नव्हे. रस्ता, पाणी, वीज खंडित होणं यांचा आधीचा आकडाच कुणी नोंदवलेला नाही, त्यामुळे सुधारणा झाली असली तरी दाखवता येत नाही.

एक पान मात्र मनापासून आवडलं: थकीत येण्यांचा मदत-कक्ष. 2006 च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. कक्ष उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी), बिलं आणि माल पोचल्याच्या सह्या तपासतो, खरेदीदाराला नोटीस काढून देतो आणि नाहीच जमलं तर सुकरता परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज भरून देतो. पत्रकात प्रकरणं, मागितलेली रक्कम आणि वसूल झालेली रक्कम वेगवेगळी दिली आहे. हाच खरा परिणाम, रुपयांत मोजलेला.

तरी दोन दोष आहेत. ‘निकाली निघायला लागणारा सरासरी काळ’ फक्त निकाली निघालेल्या प्रकरणांवरून काढला आहे. नोटिशीवर लगेच पैसे देणारे मोजले गेले, वर्षभर रखडलेले बाहेर राहिले, आणि काळ आपोआप छोटा दिसला. सरासरीऐवजी मध्यक (सगळी प्रकरणं काळाच्या क्रमाने लावल्यावर बरोब्बर मधल्याचा काळ) द्यावा आणि 90 दिवसांहून जुनी किती पडून आहेत ते खाली लिहावं. दुसरं, नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी असली तरी या तरतुदीचं संरक्षण मिळत नाही. त्यांच्या तक्रारी त्याच यादीत घातल्याने यशाचं प्रमाण विनाकारण खाली आलं आहे. कक्षावर हा अन्यायच आहे.

समाधान-पाहणीत 0 ते 10 गुण विचारले आहेत, पण फोन करणारा संघटनेच्याच ऑफिसातला. समोरून ‘चांगलं चाललंय की साहेब’ याखेरीज काय येणार? किती जणांना विचारलं, किती बोलले, हेही दिलेलं नाही. सोडून गेलेल्यांना तर कुणी विचारलेलंच नाही.

पाचपैकी तीन गुण, त्यातले दोन एकट्या मदत-कक्षाचे. ज्यांचा माल उधारीवर बाहेरगावी जातो आणि पैसे अडकतात, अशा छोट्या कारखानदाराने वर्गणी भरावी. एका बिलात वसूल होऊ शकते. केवळ ओळखीपाळखी आणि प्रदर्शनासाठी येणाऱ्याने आधी गेल्या वर्षीच्या स्टॉलवाल्यांची यादी मागून चार जणांना फोन करावा. व्यापाऱ्यांना तूर्त यात फारसं काही नाही.