किसुमूच्या बाजारात सापडलेली गोधडी

परवा कळलं की नगर भागातल्या आणखी एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘आफ्रिकेतल्या अनाथ मुलांसाठी सेवा’ म्हणून अर्ज वाटले गेलेत. मी तो अर्ज मागवून पाहिला. फोटो तेच, निळं फाटकही तेच. ते फाटक केनियातल्या किसुमूच्या एका अनाथालयाचं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी सेवेसाठी म्हणून पैसे भरून त्याच फाटकातून आत गेले होते, म्हणून हे लिहिते आहे.

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून २९ वर्षं काढली. निवृत्तीनंतर हातपाय चालतायत तोवर कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढंच मनात होतं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या, दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींच्या गोष्टी ऐकत मी वाढले. अनाथ हा शब्द कानावर पडला की पुढचं काही विचारायचं मला सुचत नाही. सेवेच्या तुकड्या तिकडे पाठवणाऱ्या समन्वयकानं मला नेमकं तिथेच गाठलं.

तीन आठवड्यांचे एक लाख साठ हजार, तिकीट वेगळं. पैसे संस्थेच्या नाही, त्याच्या स्वतःच्या खात्यावर. मी पोलीस पडताळणीचा दाखला काढायला निघाले तर म्हणाला, “ताई, देवाच्या कामाला दाखला कशाला?” नैरोबीच्या विमानतळावर कुणी विचारलं तर फिरायला आलोय म्हणायचं, हेही बजावून सांगितलं होतं. या तिन्ही गोष्टींपैकी एक जरी तुमच्या कानावर आली, तर तिथेच थांबा. मी थांबले नाही. भगिनी मंडळानं मुलांसाठी सहा गोधड्या शिवून दिल्या होत्या. एकीच्या मधोमध माझ्या आईच्या हिरव्या इरकली लुगड्याचा तुकडा होता, भोवती धावदोऱ्याचे चौकोन. त्या बॅगेत कोंबल्या आणि निघाले.

किसुमू हे केनियातलं व्हिक्टोरिया सरोवराकाठचं शहर. एचआयव्हीनं त्या भागात खरोखरच घरंच्या घरं ओस पाडली आहेत. त्यामुळे “ही सगळी मुलं एड्सनं पोरकी केली” असं सांगितल्यावर शंका घ्यायचं मनातसुद्धा आलं नाही. फाटक उघडलं आणि तीसेक मुलं धावत येऊन गळ्यात पडली. आमच्यातल्या बहुतेकांना रडू आलं.

मी मात्र लेकरांच्या वॉर्डात आयुष्य घालवलेली. घरात मायेनं वाढलेलं दोन-तीन वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आधी आईच्या पदराआड जातं, मग हळूच डोकावतं. ही मुलं कुणाच्याही कडेवर जात होती. आमच्या आधीची तुकडी चार दिवसांपूर्वी गेली होती, आमच्यानंतरची ठरलेली होती. दर थोड्या दिवसांनी नवी आई यायची, जीव लावायची आणि निघून जायची. मला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तरी मी बोलले नाही. पैशापेक्षा याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर फाटकाबाहेर एक बाई उभी होती, कागदात गुंडाळलेल्या चपात्या घेऊन. सात-आठ वर्षांची एक मुलगी, जी रोज माझा हात धरून झोपायची, ती “मामा!” म्हणत तिच्याकडे धावली. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. आम्हाला दिलेल्या यादीत त्या मुलीच्या नावापुढे आईवडील दोघेही मृत असं लिहिलेलं होतं.

तिथल्या एका शिक्षिकेनं आमच्या दोघींमध्ये बोलून दिलं. ती बाई ओमेना विकायची, आपल्या सुकटीसारखी बारीक मासळी. घर मटाटूनं, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीनं, वीस मिनिटांवर. शाळा फुकट आणि दोन वेळचं जेवण, असं सांगून मुलीला आणलं होतं. अट एकच, पाहुण्यांसमोर यायचं नाही. तिला लेक टाकायची नव्हती, शिकवायची होती.

परत आल्यावर वाचत गेले तसं कळत गेलं. जगभरातल्या अनाथालयांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, एक तरी, जिवंत असतात. पाहुणे पैसे देतात म्हणून मुलं गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अशी मुलं गोळा करणं हा त्याच गुलामगिरीचा एक प्रकार धरला. खुद्द केनियानं नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि मुलांना संस्थांतून घरी नेण्याचं २०२२ ते २०३२ असं दहा वर्षांचं धोरण आखलं. आमच्या निळ्या फाटकावर ‘स्थापना २०१९’ असं ठळक रंगवलेलं होतं. रोज त्याखालून जात होतो, पण नोंदणीचा कागद कुणीच मागितला नाही.

आपल्याकडे बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल संस्थेत ठेवता येत नाही. मग परदेशातल्या लेकरांसाठी तेच का विचारू नये? मूल इथे कुणाच्या आदेशानं आलं, घरी कधी जाणार, त्याला भेटायला कोण येतं? उत्तराऐवजी डोळ्यांत पाणी आणणारा व्हिडिओ दाखवला, तर पैसे देऊ नका. दिले असतील तर बँकेची नोंद आणि मेसेज पुसू नका, घेऊन पोलिसांत जा. मी गेले आहे, तक्रार घेतली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. आणि तिकडच्या मुलांसाठी खरंच काही करायचं असेल, तर त्यांना घरीच ठेवून शिकवणाऱ्या, हिशेब दाखवणाऱ्या कामाला द्या.

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, किबुयेच्या बाजारात गेले होते. तिथे जुन्या कपड्यांचे ढीग असतात, मितुंबा म्हणतात त्याला. एका दोरीवर हिरवं इरकल दिसलं. जवळ जाऊन धावदोऱ्यावरून बोट फिरवलं. आमच्याच मंडळाचे टाके होते. सांगेल ती किंमत देऊन ती गोधडी घेतली, शिक्षिकेला बरोबर घेतलं, मटाटूत बसले आणि त्या ओमेनावालीच्या घरी नेऊन दिली. तिनं ती अंथरली आणि मला विचारलं, लेकीला परत आणायचं तर कुणाला भेटू?