कपाशीला युरिया: एकरी दोन पोती की तीन?

ओलिताच्या बीटी कपाशीला हेक्टरी 120 किलो नत्र धरलं, तर एकरी 48 किलो होतं. पेरणीच्या डीएपी या नत्र-स्फुरद खताच्या एका पोत्यातून 9 किलो मिळतं. उरलेल्या 39 किलो नत्राला 45 किलोची जेमतेम दोन पोती युरिया पुरतो. तिसरं पोतं बहुधा ऐंशीव्या-नव्वदाव्या दिवशी, पीक जरा फिकं दिसलं म्हणून पडतं.

दोन पोत्यांत, एक तिसाव्या आणि एक साठाव्या दिवशी दिलं, तर पाते (फुलकळ्या) लागण्यापासून बोंडं भरेपर्यंतची मोठी भूक भागते. खालच्या-मधल्या फळफांद्यांवर बोंडं वेळेत धरतात.

तिसऱ्या पोत्याने पीक माजतं. ओळी दाटतात, खालची पाती गळतात, बोंडं सडतात, लुसलुशीत पानांवर तुडतुडे आणि पांढरी माशी वाढते. शेंड्याकडे पुन्हा फुलं येतात, ती गुलाबी बोंडअळीला आयतीच सापडतात.

धाग्याचं नुकसानही याच उशिराच्या बोंडांत होतं. फूल उमलल्यावर पहिले 20-25 दिवस तंतू लांबतो, पुढे सेल्युलोज साठून त्याची भिंत जाड होते. लांबी मुख्यतः वाणाची; युरियाने ती फारशी हलत नाही. जाडी मात्र डिसेंबरच्या थंड रात्रींत पुरी होत नाही. तंतू कच्चा राहतो, मायक्रोनेअर, म्हणजे तंतूची जाडी-पक्वता सांगणारा आकडा, उतरतो. बन्नी-ब्रह्मा या लांब धाग्याच्या बाजारी दर्जाला तो 3.5 ते 4.3 लागतो. त्याखालच्या रुईत तंतूंच्या बारीक गुठळ्या पडतात, रंग नीट चढत नाही, भाव तुटतो.

एकाच पोत्यावर भागवलं, तर धागा कच्चा राहत नाही, पण बोंडं कमी आणि बारीक. ओलितात हे परवडत नाही. कोरडवाहूत मात्र एकरी 24 किलो धरलं, तर अर्धं पोतं डीएपी आणि एक पोतं युरिया बस्स.

तिसरं पोतं फोडण्याआधी दहा झाडं बघा. खोडाला लागून असलेलं सर्वांत वरचं पांढरं फूल शोधा आणि तिथून शेंड्यापर्यंत पेरं मोजा. पाच किंवा कमी भरली, तर झाडाची वाढ थांबत आली आहे. जमिनीतून दिलेला युरिया आता बोंडं भरायला कामी येत नाही. बोंडांचा भार असून पानं लालसर होत असतील, तर 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया फवारा. सात-आठ पेरं असून पानं पिवळट असतील, तर साठाव्या दिवसाचा हप्ता बहुधा पावसात वाहून गेला. तेव्हा अर्धं पोतं देणं योग्य.

जे द्याल ते वाफशावर, झाडापासून वीतभर दूर, दोन-तीन इंच खोल देऊन मातीआड करा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, आणि मग पीक फिकं पडून तिसऱ्या पोत्याची घाई होते.