लोह-टर्पिरिडीनची फिल्म: दोन द्रवांच्या सीमेवर की उघड्या पाण्यावर?

ही फिल्म म्हणजे लोहाचे आयन आणि त्यांना धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू (लिगँड) यांचं पातळ जाळं. तीन टर्पिरिडीन (नायट्रोजनने लोहाला धरणारा गट) हातांचा लिगँड खाली डायक्लोरोमिथेनमध्ये (पाण्यात न मिसळणारं, पाण्याहून जड द्रावक), वर फेरस (Fe²⁺) क्षाराचं पाणी, मधल्या सीमेवर फिल्म, ही पहिली पद्धत. विदर्भातल्या गावच्या कॉलेजात मे महिन्यात ती करूच नका. बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखालची लॅब तापते आणि डायक्लोरोमिथेन ४० लाच उकळतं. खालून बुडबुडे येऊन जांभळी फिल्म फाटते. डिसेंबरात मात्र झाकून रात्रभर ठेवा, डोळ्यांना दिसेल अशी जाड फिल्म धरते.

उन्हाळ्यात दुसरी बरी: लिगँड क्लोरोफॉर्ममध्ये (उकळबिंदू ६१), सिरिंजने फेरस क्षाराच्या पाण्यावर अगदी थोडे थेंब. जास्त पडले की गाठी होतात. द्रावक उडाला की नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा उरतो. काच आडवी टेकवून उचला. पंखा बंदच हवा.

दोन्हींत फेरस क्षार म्हणून मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) ताजं विरघळवा. फेरसचं फेरिक (Fe³⁺) झालं की जांभळा रंग नीट येत नाही. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं नको.