इम्गबर्न : कोरी डीव्हीडी का वाया गेली, हे सांगणारे सॉफ्टवेअर

डीव्हीडीचे दिवस सरले असे आपण म्हणतो खरे, पण लग्नाच्या, मुंजीच्या आणि शाळेच्या गॅदरिंगच्या चित्रणाची प्रत गावाकडच्या वडीलधाऱ्यांना द्यायची वेळ आली की त्यांच्या टीव्हीखाली असतो तो जुना डीव्हीडी प्लेअरच. मग घरातला रायटर शोधला जातो, कोऱ्या डीव्हीडींची डबी आणली जाते आणि संगणकावर सुरळीत उघडणारी डीव्हीडी प्लेअरमध्ये घातल्यावर पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटते. दोष डीव्हीडीचा, रायटरचा, प्लेअरचा की आपण निवडलेल्या सेटिंगचा, हे राइट करणारी बहुतेक सॉफ्टवेअर सांगतच नाहीत. इम्गबर्न हे विंडोजवरचे मोफत सॉफ्टवेअर ते सांगते, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल राइट करण्यापेक्षा या सांगण्यातच आहे.

इम्गबर्न २००५ साली आले. त्याचा कर्ता ‘लाइटनिंग यूके’ या टोपणनावाने ओळखला जातो. त्याचे आधीचे सॉफ्टवेअर, ‘डीव्हीडी डिक्रिप्टर’, कायदेशीर दबावामुळे त्याच वर्षी बंद पडले होते. इम्गबर्नमध्ये मात्र कॉपी-संरक्षण तोडण्याची सोय मुळातच नाही. शेवटची आवृत्ती २.५.८.० ही जून २०१३ मधली असून ती विंडोज १० आणि ११ वरही चालते. सुरू केल्यावर सहा मोठी बटणे दिसतात : तयार इमेज फाइल (संपूर्ण डीव्हीडीची एकाच फाइलमधली प्रत) डीव्हीडीवर लिहिणे, फायली आणि फोल्डर थेट लिहिणे, डीव्हीडीची इमेज काढणे, फायलींची इमेज बनवणे, लिहिलेले तपासणे आणि रायटरची चाचणी घेणे. मुख्य खिडकीसोबत लॉगची, म्हणजे प्रत्येक घडामोडीच्या नोंदीची, एक वेगळी खिडकीही उघडते. नवखा माणूस ती पहिल्यांदा बंद करून टाकतो, पण या सॉफ्टवेअरमधली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे.

प्लेअरवर न चालणाऱ्या डीव्हीडींपैकी कितीतरी रायटरपर्यंत पोहोचण्याआधीच बिघडलेल्या असतात. विंडोजमध्ये कोरी डीव्हीडी घातली की ती पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, असा प्रश्न विचारला जातो. पहिला पर्याय सोयीचा वाटतो म्हणून लोक तोच घेतात, पण त्यात वापरली जाणारी फाइल सिस्टीम, म्हणजे डीव्हीडीवर फायली मांडण्याची पद्धत, टीव्हीखालच्या बहुतेक प्लेअरना वाचता येत नाही. व्हिडिओ डीव्हीडीसाठी यूडीएफ १.०२ आणि आयएसओ ९६६० या दोन फाइल सिस्टीमची जोड लागते, आणि मुळाशी ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे फोल्डर व त्यात व्हीओबी (प्रत्यक्ष चित्रण), आयएफओ (त्याच्या मांडणीची माहिती) आणि बीयूपी या तीन प्रकारच्या फायली असाव्या लागतात. इम्गबर्नला असे फोल्डर दिले आणि सेटिंग चुकीचे असले, तर ते लिहायला सुरुवात करण्याआधीच थांबवून विचारते की ही व्हिडिओ डीव्हीडी दिसते, फाइल सिस्टीम दुरुस्त करू का. ‘येस’ म्हणावे आणि पुढे जावे. आयएफओ आणि तिची राखीव प्रत असलेली बीयूपी या दोन्ही एकाच ओरखड्याने निकामी होऊ नयेत म्हणून त्यांच्यात पुरेसे अंतर ठेवण्याचे कामही ते आपण न सांगता करते.

मात्र मोबाइलमधली एमपी४ फाइल डीव्हीडीवर टाकली म्हणजे व्हिडिओ डीव्हीडी झाली, असे होत नाही, आणि ते रूपांतर इम्गबर्न करून देत नाही. त्यासाठी डीव्हीडीस्टाइलरसारखे दुसरे मोफत सॉफ्टवेअर आधी वापरावे लागते. त्यात आपल्याकडच्या पाल पद्धतीचा पर्याय, म्हणजे ७२० गुणिले ५७६ चे चित्र आणि सेकंदाला २५ फ्रेम, निवडून फोल्डर तयार करावे आणि मग ते इम्गबर्नच्या हवाली करावे.

सुसंगतीच्या बाबतीत इम्गबर्नची सर्वांत मोलाची सोय म्हणजे बुक टाइप बदलणे. प्रत्येक डीव्हीडीच्या आतल्या कडेला, लीड-इन नावाच्या भागात, ती कोणत्या जातीची आहे हे सांगणारी चार बिटांची एक नोंद असते. कारखान्यात छापलेल्या चित्रपटाच्या डीव्हीडीवर तिथे डीव्हीडी-रॉम असे लिहिलेले असते. एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या डीव्हीडीच्या प्लस आर आणि डॅश आर अशा दोन जाती असतात; त्यांतल्या डीव्हीडी प्लस आर वर तिची स्वतःची, वेगळी नोंद असते. प्लस आर बाजारात आली २००२ मध्ये, म्हणजे त्याआधी बनलेल्या प्लेअरना ही जात ठाऊकच नव्हती, आणि त्यांतले काही ती नोंद वाचून डीव्हीडी नाकारतात. आतले चित्रण कितीही निर्दोष असले तरी ते तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. इम्गबर्नमध्ये बुक टाइप बदलण्याची जी खिडकी आहे, तिच्यात रायटर बनवणाऱ्या कंपन्यांनुसार वेगवेगळी पाने आहेत; आपल्या रायटरचे पान निवडून प्लस आर साठी डीव्हीडी-रॉम ही नोंद ठरवून द्यायची आणि मग राइट करायचे. असे केलेली डीव्हीडी जुन्या प्लेअरला छापील डीव्हीडीसारखीच वाटते.

याला तीन अटी आहेत आणि त्या कळल्या नाहीत तर माणूस उगाच सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. रायटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, ही सोय असली पाहिजे. लॅपटॉपमधल्या आणि यूएसबीच्या अनेक पातळ रायटरमध्ये ती नसते, आणि तिथे इम्गबर्नही काही करू शकत नाही. दुसरी अट अशी की प्लस आर वर ही नोंद एकदाच आणि राइट करण्यापूर्वीच ठरते. पुन्हा लिहिता येणाऱ्या प्लस आरडब्ल्यूवर ती पुन्हा पुन्हा बदलता येते. तिसरी, डॅश आर म्हणजे मायनस आर प्रकारच्या डीव्हीडीवर ती कारखान्यातूनच पक्की होऊन येते, तिला हात लावता येत नाही. म्हणूनच आपल्या रायटरला बुक टाइप बदलता येत नसेल, तर जुन्या प्लेअरसाठी सरळ डॅश आर घ्यावी, कारण ती जात प्लस आरच्या आधीपासूनची आहे आणि जुने प्लेअर तिला अधिक ओळखतात. पुन्हा लिहिता येते म्हणून आरडब्ल्यू घेण्याचा मोह मात्र टाळावा. तिच्या पृष्ठभागावरून लेझर फारच कमी परततो, जवळपास दुहेरी थराच्या डीव्हीडीइतका, आणि जुन्या प्लेअरचा त्यामुळे गोंधळ होतो. इथे बुक टाइप बदलूनही भागेलच असे नाही.

आता वेगाविषयी, कारण याबाबत ऐकीव सल्ल्यांचा सुकाळ आहे. ‘सर्वांत कमी वेगाने राइट करा’ हा सल्ला सीडीच्या काळात ठीक होता. १६ एक्सची, म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पट वेगाने लिहिता येणारी, डीव्हीडी ४ एक्सने लिहिली म्हणजे ती अधिक चांगली लिहिली जाते असे नाही, कारण रायटरच्या फर्मवेअरमध्ये प्रत्येक प्रकारच्या डीव्हीडीसाठी लेझरचे गणित ठरलेले असते आणि ते नव्या डीव्हीडींसाठी मधल्या वेगांवर अधिक नीट बसवलेले असते. १६ एक्सच्या डीव्हीडीला ८ एक्स हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा वेग आहे. कोरी डीव्हीडी आत घातली की इम्गबर्नच्या उजव्या बाजूच्या चौकटीत हा रायटर त्या डीव्हीडीवर कोणकोणते वेग देऊ शकतो ते दिसते. तिथे ६, ८, १२ आणि १६ एवढेच असतील आणि आपण ४ मागितला, तर रायटर ६ नेच लिहितो. इतर सॉफ्टवेअर हे गिळून टाकतात, इम्गबर्न लॉगमध्ये ‘राइट स्पीड मिसकम्पेअर’ अशी स्पष्ट ओळ टाकते.

त्याच चौकटीत डिस्क आयडी असतो, आणि माझी नजर सर्वांत आधी तिथेच जाते. वेष्टनावर कोणाचेही नाव असले तरी डीव्हीडी प्रत्यक्षात कोणी बनवली ते या कोडवरून कळते. ‘एमसीसी ००४’ दिसले तर ती मित्सुबिशी केमिकलच्या तंत्राची १६ एक्स प्लस आर, व्हर्बेटिमच्या नावाने विकली जाणारी. ‘सीएमसी मॅग’ दिसले तर तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सची. व्हर्बेटिमचा व्यवसायच २०१९ मध्ये सीएमसीकडे गेला. नावाजलेली जपानी तैयो युदेन २०१५ अखेर या धंद्यातून बाहेर पडली, आणि आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली ग्रेटर नोएडाची मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अवसायनात गेली. त्यामुळे आज दुकानात दिसणाऱ्या नव्याजुन्या साठ्यातली एकच डीव्हीडी आधी घेऊन, तिचा कोड पाहून, मग पन्नासची डबी घ्यावी. दुकानदार ‘सगळ्या सारख्याच असतात, साहेब’ असे म्हणेल. कोड वेगळेच सांगतो.

राइट करताना बिनसले की इम्गबर्न एक खिडकी दाखवते, तिच्यात त्रुटीचा प्रकार आणि ‘रीट्राय’चे बटण असते. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर’ आली, तर लेझरची ताकद जुळवण्याची जी चाचणी रायटर डीव्हीडीच्या एका राखीव भागात घेतो तीच फसली, असा तिचा अर्थ. बहुतेक वेळा डीव्हीडी सुमार असते किंवा लेझर थकलेला तरी असतो. दुसऱ्या जातीची डीव्हीडी घालून पाहिल्यावर या दोहोंपैकी कोणते ते समजते. ‘सेमाफोर टाइमआउट’ किंवा रायटर मध्येच गायब होणे हे मात्र यूएसबी रायटरचे दुखणे आहे. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर विजेची हमी देते आणि राइट करताना पातळ रायटरला त्याहून जास्त वीज लागू शकते. माझ्याकडच्या एका अशाच रायटरने डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर डीव्हीडी निम्म्यावर सोडून दिल्या. लॉगमध्ये दर वेळी तीच ओळ होती. केबल मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला लावली आणि त्याच डबीतल्या उरलेल्या डीव्हीडी सुरळीत राइट झाल्या. लॉग नसता तर मी डबीच बदलून आणली असती. हबवरून तर असा रायटर चालवूच नये, आणि सोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडे लावावीत.

राइट होताना खाली दोन पट्ट्या हलत असतात : एक इम्गबर्नच्या स्वतःच्या बफरची (लिहिण्याआधी माहिती साठवून ठेवण्याच्या जागेची), दुसरी रायटरच्या. वरची भरलेली असून खालची सारखी उतरत असेल तर अडचण केबल किंवा पोर्टची. वरचीच रिकामी होत असेल तर हार्ड डिस्क मागे पडते आहे, बाकीची कामे बंद करावीत. शेवटी ‘सिंक्रोनायझिंग कॅश’, ‘क्लोझिंग ट्रॅक’, ‘फायनलायझिंग डिस्क’ असे संदेश येतात. इथे पट्टी अडकल्यासारखी वाटते आणि माणूस घाईने बटण दाबून ट्रे उघडतो. तसे करू नये, कारण फायनलाइझ न झालेली, म्हणजे लिखाण पूर्ण करून बंद न केलेली, डीव्हीडी टीव्हीखालचा प्लेअर सहसा वाचत नाही.

आकाराचीही एक बारीक मेख आहे. डॅश आर वर ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात आणि प्लस आर वर ४,७०,०३,७२,९९२, म्हणजे सुमारे ७० लाख बाइट कमी. डॅश आरला काठोकाठ बसवलेली इमेज प्लस आर वर मावत नाही, आणि इम्गबर्न ते लिहिण्याआधीच सांगते.

दुहेरी थराच्या, साडेआठ जीबीच्या डीव्हीडीला व्हिडिओसाठी एक जादा अट असते. लेझर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जातो ती जागा, म्हणजे लेअर ब्रेक, चित्रणातल्या एखाद्या सेलच्या, म्हणजे छोट्या तुकड्याच्या, सुरुवातीलाच यावी लागते, आणि पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान असून चालत नाही. इम्गबर्न आयएफओ फायली वाचून बसू शकतील अशा जागांची यादी देते आणि त्यांतल्या चांगल्या कोणत्या तेही सुचवते. दोन विधींच्या मध्ये पडदा काळा होतो अशी जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर ऐन अंतरपाट दूर होताना चित्र क्षणभर थबकते. ही सोय उत्तम आहे, पण कोऱ्या दुहेरी डीव्हीडीची किंमत आणि फसण्याचे प्रमाण पाहता मी चित्रणाचे दोन भाग करून दोन साध्या डीव्हीडी देणेच पसंत करतो.

‘व्हेरिफाय’चा पर्याय नेहमी चालू ठेवावा, वेळ दुप्पट लागला तरी. फक्त त्याचा अर्थ एवढाच की लिहिलेले याच रायटरला परत वाचता आले; प्लेअरची ग्वाही त्यातून मिळत नाही.

उणिवाही आहेत. सेटिंगची खिडकी इतक्या पानांची आहे की तिच्यात शिरलेला नवखा माणूस काहीतरी बदलून बसतो. बुक टाइप आणि वेग सोडून बाकी सारे जसे आहे तसेच राहू द्यावे. अधिकृत इन्स्टॉलरसोबत जाहिराती आणणारे जादा सॉफ्टवेअर जोडलेले होते, आणि त्यामुळे अनेक अँटिव्हायरस त्यावर आक्षेप घेतात. इंटरनेट तात्पुरते बंद करून, प्रत्येक पान वाचून आणि नको त्या खुणा काढूनच ते बसवावे, आणि भलत्याच संकेतस्थळावरून तर मुळीच उतरवू नये. एखाद्या वेळी नुसत्या फायली साठवायच्या असतील तर विंडोजची स्वतःची सोय पुरते. पण ती डीव्हीडी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या प्लेअरवर चालायची असेल, तर इम्गबर्न बसवून, प्लस आर वर डीव्हीडी-रॉम ही नोंद ठरवून, ८ एक्सने आधी एकच प्रत काढावी, ती त्या घरी चालवून पाहावी आणि मगच बाकीच्या नातेवाइकांच्या प्रती काढायला घ्याव्यात.