दांपत्य समुपदेशनाच्या आठ बैठका आणि आमचा हिशेब

पुण्यात कर्वे रस्त्याच्या आसपास असलेल्या एका समुपदेशन केंद्रात मी आणि माझे पती गेल्या वर्षी आठ वेळा गेलो. केंद्राचे आणि समुपदेशिकेचे नाव येथे देत नाही, कारण काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्या लिहिताना हात आखडता घ्यायचा नाही. एका बैठकीचे १५०० रुपये, वेळ ५० मिनिटांचा, दर पंधरा दिवसांनी एक भेट. म्हणजे चार महिने आणि एकूण १२,००० रुपये. एवढ्या पैशांत कोकणात दोन दिवस राहून आला असतात, असे माझ्या नणंदेचे म्हणणे पडले. कोकणात आम्ही त्याच्या आधीच्या महिन्यात गेलो होतो आणि दोन दिवस एकमेकांशी फक्त जेवणाच्या मागणीपुरते बोललो होतो.

आमच्या लग्नाला २३ वर्षे झाली. मी एका सहकारी बँकेत अधिकारी आहे आणि कर्जप्रकरणे तपासणे हे माझे रोजचे काम आहे. प्राप्तिकर विवरणपत्राच्या वेळी आमच्या सीएंनी फोनवर सहज विचारले, की साहेबांचा यंदाही आयटीआर-३ भरायचा ना? पगारदार माणसाला व्यवसायाचे उत्पन्न दाखवण्याचा तो फॉर्म कशाला लागेल, असे मी विचारले आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. माझे पती तीन वर्षे शेअर बाजारातील फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावांवर बांधलेल्या आणि करखात्याच्या लेखी व्यवसाय ठरणाऱ्या सौद्यांत, व्यवहार करत होते आणि त्यात त्यांनी ११ लाख रुपये घालवले होते. तोट्याबद्दल त्यांना एकट्याला वेडे ठरवता आले नसते. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटाच झाला. मला झोंबले ते वेगळेच होते. तीन वर्षे रोज संध्याकाळी चहा देताना मी "कसा गेला दिवस?" असे विचारत होते आणि त्या प्रश्नाला मिळालेली शेकडो उत्तरे आता मला मागे जाऊन पुन्हा तपासावी लागत होती.

पहिल्या बैठकीत समुपदेशिकेने, तुमच्यात आता विश्वास किती उरला आहे, असे विचारले. मी म्हटले, "विश्वास पानिपतात गेला." हा वाक्प्रचार आपण इतक्या सहज वापरतो, की तो बोलून झाल्यावरच त्यातला कडूपणा माझ्या ध्यानात आला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी सांत्वनही केले नाही. पानिपतानंतर मराठ्यांना उत्तरेत पुन्हा पाय रोवायला साधारण दहा वर्षे लागली, तुम्ही किती द्यायला तयार आहात, एवढेच त्यांनी विचारले. १७६१ ते १७७१ हा हिशेब बरोबर होता, त्यामुळे मला उत्तर सुचले नाही आणि बाईंबद्दल थोडा आदर मात्र वाटला.

येथे एक व्यावहारिक सूचना. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तो क्रमांक विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. 'समुपदेशक' या पाटीमागे मात्र मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणापासून दोन दिवसांच्या शिबिरापर्यंत काहीही असू शकते. आमच्या बाईंनी पदवी, नोंदणी आणि अनुभव न विचारताच सांगितला. कर्जदाराची कागदपत्रे पाहण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला ते आवडले.

या सेवेचे खरे मोल मला दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत कळले. त्या दोन बैठकांना आम्हाला एकेकट्याने बोलावले होते. त्याआधीच बाईंनी एक नियम लेखी देऊन आमच्या सह्या घेतल्या होत्या: एकट्याच्या बैठकीत सांगितलेली गोष्ट या संसाराशी संबंधित असेल, तर ती जोडीदारापासून लपवून ठेवायला मी मदत करणार नाही, तुम्ही ती स्वतः सांगायची, आणि सांगायची नसेल तर मी तुमच्या संयुक्त बैठका पुढे चालवू शकणार नाही. बाहेरच्या जगापासूनची गुप्तता वेगळी, तिला कायद्याचाही आधार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना तसा हक्क दिलेला आहे. नवराबायकोच्या मधल्या गुपिताला मात्र बाईंनी आपल्या खोलीत जागा नाकारली होती. सही करताना मला ही नेहमीची कागदी औपचारिकता वाटली होती.

माझ्या पतींनी त्यांच्या एकट्याच्या बैठकीत सांगितले, की ११ लाखांखेरीज एका पतसंस्थेचे अडीच लाखांचे कर्जही आहे आणि त्याला माझे धाकटे दीर जामीन आहेत. मला हे चौथ्या बैठकीच्या आदल्या रात्री कळले, त्यांच्याच तोंडून, स्वयंपाकघरात, गॅस बंद केल्यावर. मी संतापले, आणि संताप कर्जापेक्षा दिरांना माहीत होते आणि मला नव्हते याचा अधिक होता. पण त्या रात्रीची एक गोष्ट मी बँकेच्या सवयीने मनात टिपून ठेवली: ही पहिली माहिती होती, जी मी शोधून काढलेली नव्हती. बाईंनी त्यांच्या वतीने ती सांगितली असती, किंवा कळूनही गप्प राहून आमच्याशी गोड बोलत राहिल्या असत्या, तर आमच्यापुरते हे समुपदेशन तेथेच संपले असते.

पाचव्या बैठकीतील स्वाध्यायाबद्दल मात्र तक्रार आहे. हातात दिलेला कागद इंग्रजीत होता. आरोप न करता स्वतःची भावना सांगा, वाक्याची सुरुवात 'आय फील' अशी करा, असे त्यावर छापले होते. आम्ही दोघांनी त्याचे सरळ 'मला वाटते' केले आणि मी पहिलेच वाक्य म्हटले, "मला वाटतं, तू खोटारडा आहेस." मराठीत मत आणि भावना दोन्ही 'वाटतात', हे त्या कागदाच्या कर्त्याला कोठून ठाऊक असणार? बाईंनी तेथल्या तेथे नियम बदलला: 'वाटते'च्या आधी फक्त भीती, राग, लाज, वाईट, एकटे, हलके असेच शब्द घ्यायचे. "मला लाज वाटते" हे वाक्य माझ्या पतींनी तेव्हा उच्चारले आणि तीन वर्षे ते का बोलले नव्हते ते मला प्रथमच समजले. पटले असे नव्हे, समजले. पण मराठी घरांतील माणसे येथे येतात, तर तो कागद मराठीत का नसावा? बाईंना तेथल्या तेथे सुचले म्हणून आमचे निभावले.

बाईंनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या कामाचा आधार अनेकदा घेतला. नवविवाहित जोडप्यांचे निरीक्षण करून सहा वर्षांनी त्यांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी एकमेकांच्या छोट्या सादेला ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिलेला आढळला, तर विभक्त झालेल्यांनी ३३ टक्के वेळा. साद म्हणजे काय, तर "बाहेर बघ, काय पाऊस लागलाय" एवढेच. मला आकड्यांवर पटकन भरवसा ठेवायची सवय नाही, पण एक आठवडाभर मी आमच्या घरातल्या सादा मोजल्या आणि माझा स्वतःचा आकडा पाहून वही मिटून ठेवली. भांडणात नाडी शंभरच्या वर गेली, की माणूस ऐकू शकत नाही, तेव्हा किमान २० मिनिटे थांबा, हाही गॉटमन यांचाच सल्ला. माझे पती त्या २० मिनिटांत भाजी आणायला जाऊ लागले आणि दीड तासाने परतू लागले; परत येण्याची वेळ सांगून जायचे, अशी दुरुस्ती आम्हाला सहाव्या बैठकीत करावी लागली.

स्वतःच्या प्रकृतीबद्दल काही ऐकायला मिळेल, असे मी धरून चाललेच नव्हते. मला चार महिने पहाटे तीनला जाग येत होती आणि तळजाई टेकडीवरचे फिरणे सुटले होते. बाईंनी आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्यायला लावले, मग विचारले, "तुमची झोप तुम्ही त्यांच्या खात्यावर का ठेवली आहे?" ते सुधारले की मी झोपेन, असा माझा अलिखित करार होता, आणि तो मी एकटीनेच केला होता. फिरणे मी त्याच आठवड्यात पुन्हा सुरू केले. झोप यायला आणखी बरेच दिवस लागले.

आता उरलेल्या तक्रारी. स्वागतकक्षातील मुलगी आडनावाने मोठ्याने हाक मारते, आणि पुण्यात त्या खोलीत आपल्या ओळखीचे कोणी नसेल याची खात्री कोणी द्यावी? खुर्च्या समोरासमोर मांडल्या आहेत, त्यामुळे भांडून आलेली दोन जोडपी एकमेकांकडे पाहत बसतात. भेटीची आठवण व्हॉट्सॲपवर येते. पहिली आठवण माझ्या मुलीच्या फोनवर गेली, कारण अर्जावर आपत्कालीन संपर्क म्हणून तिचा क्रमांक होता. एवढ्या काटेकोर गुप्ततेच्या कागदावर सह्या घेणाऱ्या केंद्राला ही चूक शोभत नाही. त्यांनी क्षमा मागितली आणि नोंद दुरुस्त केली, पण मुलीला जे सांगायचे होते ते आम्हाला आमच्या वेळेने सांगता आले नाही. संध्याकाळच्या वेळा महिनाभर आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे नोकरदारांना अर्धी रजा टाकावी लागते.

येथे कोणत्या जोडप्यांनी जाऊ नये, हेही लिहायला हवे. घरात मारहाण किंवा धाक असेल, तर संयुक्त समुपदेशन हा मार्ग नव्हे. जोडीदारासमोर खरे बोलल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागू शकते. एकटीच्या बैठकीत बाईंनी मला याबद्दल स्पष्ट शब्दांत विचारले, ते मला योग्य वाटले. अशा परिस्थितीत महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आणि १५०० रुपये परवडत नसतील, पण रात्री कोणाशी तरी बोलण्याची गरज असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते, मराठीतही. संसाराचा गुंता तेथे एका फोनवर सुटणार नाही, पण ती रात्र निभावता येईल.

पाच ताऱ्यांपैकी मी चार देईन. एक तारा स्वागतकक्षासाठी कापला आहे. आमच्या घरी आता दर रविवारी सकाळी माझे पती डीमॅट खाते आणि पतसंस्थेचे पासबुक माझ्यासमोर उघडतात. पहिले सहा आठवडे मी प्रत्येक नोंद वाचली. हल्ली कधी कधी नुसती शेवटची शिल्लक पाहते, कधी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचते. ते काही बोलत नाहीत, चहा गार होऊ देतात. पतसंस्थेचे १४ हप्ते बाकी आहेत. तीन महिन्यांनंतरची एक पुनर्भेट केंद्राने सुचवली होती, ती आम्ही ठरवली आहे. वेळ दुपारी साडेतीनची मिळाली, म्हणजे दोघांनाही पुन्हा अर्धी रजा टाकावी लागणार आहे.