बैठक की सोशल वर्कर?

न्यू जर्सीतील मैत्रीण विचारत होती, की नोकरी गेल्यापासून नवऱ्याचे पिणे वाढले आहे, तर आधी कुठे जावे. अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर नोकरी सुटल्यास देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, त्यामुळे पैसा आणि वेळ दोन्ही मोजून वापरावे लागतात. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेच्या बैठकांना शुल्क नाही. मात्र तिथे व्हिसा आणि घरभाड्याचे प्रश्न सुटत नाहीत. परवानाधारक सोशल वर्कर, म्हणजे समुपदेशन करणारी व्यावसायिक, नवरा-बायकोला एकत्र बसवते, व्हिसासाठी वकिलाकडे पाठवू शकते. पण तिची फी असते, आणि विमा अनेकदा नोकरीबरोबरच जातो. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरत असेल, तर दोन्हींच्या आधी डॉक्टर गाठावा, कारण दारू एकदम तोडल्यास झटके येऊ शकतात. पिणे कबूल करणाऱ्याने बैठकीपासून सुरुवात करावी. घरातले बोलणेच तुटले असेल, तर सोशल वर्कर बरी.